लाडोचा मालक

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका बायकांच्या दुखण्यांवर मोठ्या आवाजात बोलणारा पुरुष उभ्या चंदीगडात दुसरा सापडायचा नाही. फौजेत जनावरांचे डॉक्टर होते, निवृत्तीनंतर इथेच राहिले. बोली मात्र अस्सल सोलापूरची. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी तपासणीच्या कापसाच्या काड्या, आणि जंतू ओळखल्याशिवाय औषध द्यायचं नाही हा बाणा. मला साधी शिंक आली तरी जिन्यातून विचारायचे, "कसला जंतू हाय ते बघितलं का?"

मागच्या हिवाळ्यात ते रोज फोनवर कुणा लाडोची चौकशी करू लागले. निवृत्त झाले म्हणजे जनावरं सुटली, अशी माझी समजूत. लाडो म्हणजे काकांची पुण्याची लेक, हे मी परस्पर ठरवून टाकलं. कशी आहे विचारलं, तर म्हणाले, "पिशवीत जंतू झालेत, पोरी. धुवावी लागणार. दोन वर्षं राहतच नाही. या थंडीत नाही राहिलं तर मालक तिला घालवून देणार म्हणतोय."

आमच्याकडे मालक म्हणजे नवरा! मी तडक मराठी मंडळ गाठलं. संध्याकाळी पाच जणी शतावरी घेऊन काकांच्या दारात. एका कर्नलीणबाईंनी तर मालकाच्या कानाखाली वाजवायची तयारी दाखवली.

"असं कसं? गरीब हाय, पण रोज हातानं पाला खाऊ घालतो."

"पाला?"

"मग उंटीण काय पुरणपोळी खाणार?"

हसून हसून काका खाली बसले. शतावरी मात्र ठेवून घेतली.

त्या दिवसापासून आम्ही पाचही जणी लाडोत अडकलो. काडीवरचा जंतू ओळखला गेला, नेमकं औषध झालं, पिशवी धुतली, मग उंट दाखवला. गाभण उंटीण नर जवळ आला की शेपटी उचलते म्हणे. त्यामुळे रोज सकाळी बाल्कनीतून पिंजौरला, लाडोच्या गावी, मालकाला फोनवर एकच प्रश्न: "पूंछ उठाई क्या?" एके दिवशी फोनमधला मालक इतका ओरडला, की मला खाली ऐकू आलं, "उठा दी जी! पक्का!" काकांनी अख्ख्या इमारतीला पेढे वाटले.

पिल्लू व्हायला वर्षाहून जास्त लागतं. तेवढ्यात गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक काकांना पुण्याला घेऊन गेली. बाल्कनी गप्प झाली. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

गेल्या रविवारी मी पिंजौरला जाऊन फोनवर त्यांना पिल्लू दाखवलं. लाडो त्याला चाटत होती, मालक नुसता हात जोडून उभा. काका चष्मा काढून म्हणाले, "डोळ्यांतनं पाणी येतंय बघ कशानं तरी."

"कसला जंतू आहे ते बघितलं का?" मी विचारलं.

"वळखीचा हाय, पोरी," ते म्हणाले. "याला औषध नको."