डालग्याखालचं पाऊल

लोकांना वाटतं, पोलिसाची नोकरी म्हणजे धावपळ आणि पाठलाग. तीस सालच्या आगेमागे मी भरती झालो, तेव्हा आमच्या ठाण्याच्या हवालदारांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते गप्प उभं राहायला. चोरी झालेल्या घरात कुठून शिरायचं, कुठे पाय ठेवायचा नाही, उघडं दार उघडंच का ठेवायचं, विझलेली चिमणीसुद्धा का उचलायची नाही. ते म्हणायचे, चोर एकदा येऊन जातो. खरी नासाडी मागून येणारे आपण करतो. त्यांचा आणखी एक नियम होता. जागेवर वहाणा काढायच्या नाहीत. गावात सगळे अनवाणी, तेव्हा पोलिसाचं पाऊल कोणतं आणि चोराचं कोणतं हे नंतर ओळखता आलं पाहिजे.

हे सगळं मी तोंडपाठ केलं होतं. ठाण्यात हुशार समजला जात होतो आणि मलाही ते खरं वाटत होतं.

पूर्णगडच्या अलीकडे एका वाडीत घरफोडी झाली. घरात म्हातारी एकटी, मुलगा मुंबईला गोदीत. ती बारशाला गेलेली असताना कोणीतरी मागल्या दाराने शिरून तिच्या सोन्याच्या पाटल्या नेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार आणि मी तिथे पोचलो. न्हाणीचं पाणी जिथून बागेत जातं, तिथल्या चिखलात एक पाऊल उठलं होतं. उजवं, अनवाणी. मी ते नीट पाहिलं. अरुंद होतं आणि बोटं एकमेकांना चिकटलेली होती. हवालदारांनी भोवतालच्या पोफळींना काथ्याची दोरी बांधली, म्हातारीचं कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं त्या पावलावर पालथं घातलं, वर दगड ठेवला आणि फौजदारांना आणायला गेले. मध्ये खाडी, तेव्हा साहेब यायला सकाळ होणार होती. डालगं हलता कामा नये, एवढं मला बजावून गेले.

तिन्हीसांजेपर्यंत मी खांबासारखा उभा होतो. मग म्हातारीने जेवायला हाक मारली. बांगड्याच्या कालवणाचा वास मागल्या दारापर्यंत आला होता आणि मी सकाळपासून उपाशी. ओटीवर बसून जेवलो, दुसऱ्यांदा भात मागून घेतला, हात धुऊन परत आलो. दोरी होती तशी होती. डालगं जागेवर, दगड डालग्यावर. आत काहीतरी कुरकुरत होतं.

मी जेवत होतो तेवढ्यात म्हातारीने त्याखाली कोंबड्या झाकल्या होत्या. डालगं तिचं, आणि ती वेळही कोंबड्या झाकायची. माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "मंग कोंबड्या कुठं झाकू मी? कोल्हा न्हेल ना," आणि तुळशीपाशी दिवा लावायला निघून गेली.

डालगं उचललं. चार कोंबड्या आणि एक कोंबडा. चिखल असा उकरलेला की पाऊल कुठे होतं हेसुद्धा सांगता आलं नसतं.

तेव्हा खरं सांगितलं असतं तर दंड झाला असता, फार तर नोकरी गेली असती. पण माझे वडील जन्मभर लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडत आले होते. मिसरूड फुटेपर्यंत मीही चढलो होतो. कमरेला कोयत्याऐवजी सरकारी पट्टा बांधणारा घरातला मी पहिला. तो पट्टा कोंबड्यांपायी सोडायचा, ही गोष्ट मला सोसवेना. मी कोंबड्या पडवीत हाकलल्या. तळहाताने चिखल सारखा केला. थोडं पाणी शिंपडलं. मग उजवी वहाण काढली आणि पाऊल दाबलं. ठसा सुरेख उठला. मला हायसं वाटलं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

सकाळी फौजदार आले, हवालदारांना ठाण्यावर ठेवून. दोरी, डालगं, दगड पाहून खूश झाले. ठशाशी उकिडवे बसले, दोऱ्याने लांबी-रुंदी घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, अंगठा बघा कसा फाकलाय. हे माडावर चढणाऱ्याचं पाऊल आहे.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. स्वतःच्या पायाकडे कोण बघतो?

"रात्रीत डालगं कोणी हलवलं का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणालो.

वाडीत नारळ पाडणारा एकच होता, म्हातारीच्या बागेतही येणारा. त्याला कोणाच्या तरी माडावरून खाली बोलावून आणलं, कोयता कमरेलाच. बाजूच्या ओल्या मातीत त्याला पाय ठेवायला लावलं. अंगठा फाकलेला होताच. लांबी अर्ध्या पेराने कमी भरली, तर फौजदार म्हणाले, चिखल पसरतो. माझा पाय कोणी मोजला नाही. मी वहाणा घालून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. वहाणेतून माझा अंगठा दिसत होता, पण पोलिसाच्या पायाकडे बघायचं कोणाला सुचणार?

तो कोणाशी भांडला नाही. एवढंच म्हणत राहिला की बाग मला मोकळी असते, मला चोरून कशाला यायला हवं. पाटल्या त्याच्याकडे सापडल्या नाहीत, पुढेही कुठे सापडल्या नाहीत. ठाण्याच्या कोठडीत होता तेव्हा मी त्याला पाणी नेऊन द्यायचो, माझ्यातली भाकरी द्यायचो. बाकीचे शिपाई मला हसायचे. दया म्हणावी, तर ती एवढी स्वस्त नसते. रोज भाकरी देताना आज सांगू असं ठरवायचो आणि रिकामी थाळी घेऊन परत यायचो. कोर्टात मला विचारलं, ठसा पहिल्यापासून झाकलेला होता का? मी होय म्हणालो. म्हातारीला कोंबड्यांचं कोणी विचारलंच नाही. त्याला सहा महिन्यांची सजा झाली.

नवीन शिपाई आले की हवालदार माझं उदाहरण द्यायचे. डालग्यापाशी रात्रभर उभा होता, असं सांगायचे. मी मान खाली घालायचो, त्यांना तो विनय वाटायचा. पुढे मीही हवालदार झालो.

तो सुटून आला, पण त्याला कोणी माडावर चढू देईना. माडावरून आजूबाजूच्या घरांची परसं दिसतात. चोराला तिथे कोण चढवणार? त्याचा धंदा त्या दिवशी खाली उतरला तो उतरलाच.

तीन-चार वर्षांनी भाट्याच्या तरीवर तो मला दिसला. होडीतून गोणी उतरवत होता. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी होती. मी दुसरीकडे बघितलं, तर त्यानेच हाक मारली. पाठीवरची गोणी खाली ठेवून जवळ आला आणि मुलीला म्हणाला, "पाया पड गो ह्यांच्या. समदी मला चोर म्हनत व्हती, तवा ह्यांनी पानी दिलान."

मुलगी वाकली. मी उजवा पाय मागे घेतला. तिला वाटलं, मी संकोचाने नको म्हणतोय. ती गुडघ्यांवर पुढे सरकली, तोच पाय दोन्ही हातांनी धरला आणि त्या अंगठ्यावर डोकं टेकलं.

मी तिला आशीर्वाद दिला.