योगाचार्य जिन्याने येतात

आमची चाळ पाडून तिच्याच जागेवर टॉवर उभा राहिला, तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना हौसेने सांगत सुटलो की आता आपण सतराव्या मजल्यावर, घरातून समुद्र दिसतो. दिसतो म्हणजे बाथरूमच्या खिडकीतून, मान एका बाजूला टाकली तर. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. मला लिफ्टची भीती वाटते. दार बंद झालं की छातीत ढोलपथक सुरू होतं, तळहात ओले होतात आणि आपण आता इथेच आटपणार याची खात्री पटते. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर हयात गेली. त्यामुळे हे दुखणं आपल्याकडे आहे, हे पन्नाशी उलटेपर्यंत कळलंच नव्हतं.

मग काय, जिना. वॉचमनने विचारलं तेव्हा म्हटलं, तब्येतीसाठी. खोटं बोलताना माणसाने एका वाक्यावर थांबावं. मी पुढे सांगून बसलो की योग चालू आहे, प्राणायाम करत चढलं की दम लागत नाही. हे सांगताना मला धाप लागली होती, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. बातमी सेक्रेटरींपर्यंत पोचली आणि योग दिन जवळ आल्यावर माझी परस्पर नेमणूक झाली. रोज सकाळी पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरच्या मोकळ्या गच्चीवर वर्ग, मार्गदर्शक अर्थातच मी.

आदल्या संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि सकाळी तेच मंडळाच्या सतरंज्यांवर बसलेल्या मंडळींना शिकवायचं, असा माझा अभ्यासक्रम. शवासनात सगळे डोळे मिटून पडले की मी गंभीर आवाजात म्हणायचो, भीती सोडून द्या, मन मोकळं करा. मग लोक लिफ्टने घरी जायचे आणि मी जिन्याने. त्यात काही भाविक माझ्यामागून जिना चढायला लागले. एका काकांचे गुडघे सुजले. तोही योगाचाच परिणाम समजून त्यांनी मला नमस्कार केला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण वर आई होती.

आईला जिना उतरणं शक्य नाही. लिफ्टने ती एकटी एकदा गेली होती. परत येताना भलत्याच मजल्यावर उतरली आणि परक्याच्या दारावर उभं राहून आपल्या सुनेला हाका मारत राहिली. तेव्हापासून एकटी जायची नाही. बायको सकाळी ऑफिसला जाते, मी व्हीआरएस घेऊन घरीच. म्हणजे आईला खाली नेणारा मीच. आणि तिला जायचं होतं फक्त मासळीबाजारात. आयुष्यभर बांगड्याचे कल्ले स्वतः उघडून बघितलेल्या बाईला मी आणलेले बांगडे खावे लागत होते. कोळिणी मला लांबून ओळखतात. माझ्या पिशवीत काय टाकलं जायचं ते सांगत नाही. आई ताट बाजूला सारायची. आज पाय दुखतोय, उद्या जाऊ, असं मी म्हणायचो. गणपती गेले, दिवाळी गेली. आई खिडकीशी खुर्ची ओढून खालचा रस्ता बघत बसायची.

एका सकाळी वर्ग संपवून नवव्या मजल्याच्या पायरीवर मी फतकल मारून बसलो होतो. नेमक्या तिथल्याच एका दारातून चाळीतल्या समोरच्या खोलीतल्या वहिनी बाहेर आल्या. बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्याकडे खिरीचा डबा पाठवणाऱ्या, मला चड्डीत बघितलेल्या. कितीतरी वर्षं रोज पहाटे ध्यानाला बसतात, पण माझ्या वर्गात शेवटच्या रांगेत निमूट हातपाय हलवायच्या.

"योगाचार्य, हे कुठलं आसन?" त्यांनी विचारलं.

मी दम घेऊन सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, त्यानेच जास्त लाज वाटली.

"आम्हाला सांगतोस भीती सोडा. सोडून जाते का ती? येऊ दे. तू फक्त श्वास सोड, सावकाश, आणि बघत बस तिच्याकडे."

त्यांची पद्धत भलतीच साधी होती. पहिले काही दिवस लिफ्टचं दार उघडं ठेवून आत नुसतं उभं राहायचं. वॉचमनला वाटलं लिफ्टचं उद्घाटन आहे. मग एक मजला, मग दोन. ढोल वाजायचाच. पण श्वास लांब सोडत राहिलं की तो वाजून वाजून दमतो, हे मला पहिल्यांदा कळलं. आजवर मी तो दमायच्या आधीच पळत आलो होतो.

वहिनींची दुसरी अट कठीण होती. वर्गात खरं सांगायचं. सांगितलं. वाटलं, आता सतरंजीसकट बाहेर काढतील. तर सुजलेल्या गुडघ्यांचे काका सुटकेचा सुस्कारा टाकून म्हणाले, म्हणजे आता जिना बंद ना? आणि सहाव्या मजल्यावरच्या एक बाई हळूच म्हणाल्या की त्यांना दुपारी घराचं दार लावून बसायची भीती वाटते, चाळीत दारं उघडी असायची. त्या दिवशी आसनं झालीच नाहीत, सगळे बोलतच बसले. दुसऱ्या दिवसापासून वर्ग वहिनी घेऊ लागल्या आणि मी शेवटच्या रांगेत गेलो. तिथे माझी खरी प्रगती झाली. अजून पायाच्या अंगठ्याला हात लागत नाही, पण झोप लागते.

मग एका बुधवारी मी आईला म्हटलं, चल. तिने विचारलं नाही कुठे. चप्पल आणि पिशवी दाराशीच होती.

दार बंद झालं. ढोल सुरू. मी तोंडाने लांब श्वास सोडायला लागलो, फूऽऽ, फूऽऽ. आईने माझा ओला हात धरला.

"कुकरासारखो शिटी कित्याक मारतंस?"

"भीती वाटते गं."

"माका ठावक आसा. तुझो बापूस पण असोच होतो. म्हटला, बघूया तू कधी सांगतंस."

तेवढ्यात तळमजला आला.

बाजारात मला कुणी विचारलं नाही. आईने कल्ले उघडले, तीन कोळिणींना नाकारलं, चौथीशी भांडली आणि जिंकली. माझ्या मागच्या सगळ्या खरेदीचा हिशेब त्या भांडणात चुकता झाला असावा.

परत जाताना लिफ्टमध्ये बांगड्यांचा असा दरवळ सुटला की आत आलेले एक गृहस्थ पुढच्याच मजल्यावर उतरले. मी ओशाळून पिशवी पाठीमागे लपवत राहिलो. चौदावा मजला गेल्यावर आठवलं की आपल्याला घाबरायचं होतं. सतराव्यावर दार उघडलं आणि मी साठवलेला सगळा श्वास सोडून दिला.

आई पिशवी घेऊन पुढे झाली. "झाली शिटी," ती म्हणाली, "आता गॅस बंद कर."