वास थांबला तेव्हा

शरयू देवस्थळीच्या केसांना गंधकाचा वास यायचा. अमेरिकेत रॅलेजवळच्या एका विद्यापीठात ती सौरघटांवर पीएच.डी. करत होती. पिवळ्या द्रावणात एक काळपट पट्टी बुडवायची, तिच्यावर दिव्याचा झोत सोडायचा आणि व्होल्टेज बदलत वीज किती येते ते मोजायचं, हे तिचं काम. द्रावण सडक्या अंड्यासारखं घाणायचं. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ती आली की मंडळातल्या नंदाकाकू दारातच म्हणायच्या, “आली गं आमची उकडलेली अंडी!” ती हसायची. पुढच्या वेळी दोनदा न्हाऊन जायची.

त्या द्रावणात अॅसिड पडलं तर विषारी वायू सुटतो, आणि तो माणसाला मारण्याआधी त्याचं नाक मारतो, वासच कळेनासा होतो, हे तिला ठाऊक होतं. पण ते पुस्तकातलं ठाऊक असणं होतं.

१९८३च्या फेब्रुवारीतला एक रविवार. तासाभरात नंदाकाकूंकडे सत्यनारायणाला जायचं होतं. वीज वाचवायची म्हणून इमारतीतली हवा बाहेर खेचणारे पंखे सुट्टीच्या दिवशी बंद असत. पुण्याहून नुकताच आलेला शैलेंद्र तिच्या हाताखाली शिकत होता. नवी पट्टी त्याने अॅसिडमध्ये धुऊन चकचकीत केली.

“शरयूताई, हे अॅसिड कुठे ओतू?”

“वेस्टच्या बाटलीत.” तिने मान वळवली नाही.

वेस्टच्या बाटल्या दोन होत्या, एक टाकाऊ अॅसिडची, एक टाकाऊ द्रावणाची. त्याने जवळची उघडून अॅसिड ओतलं. तिच्यात आठवडाभराचं जुनं द्रावण साठलं होतं.

वास एकदम उसळला. “शी! आता काकू घरात घेणार नाहीत,” ती म्हणाली. पण थोड्याच वेळात तो विरला.

“गेला बघ! आज बिनधास्त जाऊ.”

“ताई, डोकं फार जड झालंय.”

“जेट लॅग, यार. शिरा खाल्लास की उतरेल.”

पट्टी सरळ करायला ती भांड्यावर वाकली. नाक द्रावणाला जवळजवळ टेकलं होतं. काहीच वास आला नाही. दोन वर्षांत हे द्रावण एकदाही वासाविना नव्हतं.

श्वास रोखून ती वळली. शैलेंद्र कपाटाला टेकून जमिनीवर बसला होता. मान छातीवर पडलेली.

त्याच्या काखेत हात घालून तिने त्याला बाहेर ओढलं, पाठीने दार लोटून बंद केलं, भिंतीवरचा अलार्म खेचला. कॉरिडॉर, मग जिना. त्याचे बूट प्रत्येक पायरीवर आपटत होते. बाहेर गवतावर तिने त्याला आडवं केलं. छाती हलत होती, अगदी थोडी.

“शैलेंद्र, अरे बोल ना!”

तिने हवा हुंगली. ओलं गवत हुंगलं, त्याच्या शर्टाची बाही हुंगली. कशालाच वास नव्हता. इथली हवा स्वच्छ होती की तीही तसलीच, हे आता तिला सांगता येणार नव्हतं. इमारतीतून अलार्म ओरडत होता. पुन्हा त्याच्या काखेत हात घालून ती त्याला आणखी लांब ओढू लागली.