एडवणला निघालेली मोटार

"थांबा. जागा दिसू द्या," असं म्हणून ते डोळे अर्धवट मिटायचे आणि उजव्या हाताची बोटं हवेत हळूहळू हलवायचे. समोर ट्रंक असो की फळीवरचे डबे, हा माणूस आधी झोपेत गेल्यासारखा उभा राहणार, मग कामाला लागणार. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. आमच्या शेजारी हे होते, तारापूरला, वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं त्या वर्षांत. साइटवर स्टोअरकीपर. कॉलनीत सगळे त्यांना भाऊ म्हणत.

मूळचे घाटावरचे. क्वार्टर्स बांधून होईपर्यंत ते इथे एकटेच तंबूत राहिले होते आणि तिथून घरी पत्रं लिहायचे. रात्रभर कापड कसं फडफडतं, सकाळी त्याच्यावर सुरूच्या झाडांच्या सावल्या कशा हलतात. ती पत्रं ऐकून त्यांच्या मुलीनं, नंदानं, हट्ट धरला होता, एकदा तंबूत झोपायचं आणि समुद्रात उतरायचं. भाऊ दर सुट्टीला म्हणायचे, "पुढच्या रविवारी." मला त्यांचा राग यायचा. पोरीला झुलवायचं तरी किती?

मग त्यांची राजस्थानात बदली झाली. तिथे कुठला समुद्र? त्यातच नंदा ओट्यावरून पडली आणि डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला. तरी भाऊ म्हणाले, या शनिवारी जायचंच, एडवणला. चिंचणीचा किनारा जवळ होता, पण "तिथं ओळखीचे भेटतात," म्हणे.

मोटार त्यांनी जुनी घेतली होती. फिकट हिरवी, एवढीशी. शनिवारी सकाळी धुकं होतं आणि त्यात ती गाडी जमिनीला न टेकता उभी असल्यासारखी वाटत होती. भाऊंनी डोळे मिटले, बोटं हलवली आणि सामान आत जायला लागलं. बादलीत स्टोव्ह, स्टोव्हभोवती टॉवेल, पातेल्यात पातेलं, किटलीत कांदे. तंबू मागच्या सीटवर, बांबू खिडकीतून बाहेर. आम्ही बायका चहाचे कप हातात घेऊन बघत राहिलो. खरंच सांगते, बघताना गुंगी यायची. शेवटची उशी आत गेली तेव्हा बोट शिरायला जागा नव्हती.

तेवढ्यात मुरबे गावची मासेवाली टोपली घेऊन आली. उभी राहून तिनं गाडीकडे पाहिलं, ओट्यावर पाय लांब करून बसलेल्या नंदाकडे पाहिलं.

"भाऊ, येवडं सामान भरलं, न पोरीचा पाय कुटं ठेवशील? तो काय वाकनार नाय."

भाऊंनी पोरीला हिशेबात धरलं होतं, पण नेहमीसारखी पाय दुमडून बसणारी.

"मी काकूंकडे राहीन ना," नंदा म्हणाली. आवाज अगदी शहाण्या मुलीचा.

भाऊ पुन्हा डोळे मिटून उभे राहिले. या वेळी बोटं हलली नाहीत. मग त्यांनी एकेक वस्तू काढून माझ्या ओट्यावर ठेवायला सुरुवात केली. उशा, स्टोव्ह, बांबू. तंबूला हात घातला तेव्हा वहिनी, नंदाची आई, म्हणाल्या, "अहो, मग राहायचं कशात?"

"कापडच आहे ते," भाऊ म्हणाले.

पाना आणून त्यांनी पुढची सीट खोलली, तीही माझ्या ओट्यावर आली. त्या जागेत पाय पसरता येईल अशी गादी घातली आणि नंदाला उचलून ठेवलं. वहिनी मागे, मांडीवर बादली. गाडी बोईसरच्या रस्त्याला लागली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

रविवारी संध्याकाळी परतले. भाऊंनी ओट्यावरचं सामान नेलं. महिनाअखेरीस ते सगळे राजस्थानला गेले. एक पत्र आलं, पुढे तेही थांबलं.

खूप वर्षांनी नंदा पत्ता शोधत माझ्याकडे आली. भाऊ जाऊन चार महिने झाले होते. मी विचारलं, "तंबू नव्हता, मग एडवणला केलंत काय गं?"

"दोन सुरूंना चादर बांधली. सकाळी बाबांनी मला खांद्यावर बसवलं आणि पाण्यात शिरले. प्लॅस्टर भिजू नये म्हणून माझा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. कमरेपर्यंत गेले. हात थरथरत होते त्यांचे. मला वाटलं, माझ्या वजनानं."

तिनं डाव्या गुडघ्यावरून हात फिरवला.

"त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्यादेखत नदीत बुडाला होता, काकू. आईनं आत्ता सांगितलं. त्यानंतर ते कधी पाण्यात उतरले नव्हते. आणि मी आपली वरून म्हणत होते, आणखी पुढे चला ना, बाबा, आणखी पुढे."