डावा हात

माझ्या हाताखालून गेलेल्या मुली अजून कुठेकुठे भेटतात, वाकून नमस्कार करतात, ‘बाई, तुम्ही कविता काय शिकवायचात!’ म्हणतात. मी हसते. त्यांतल्या एकीलाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही — की एका कवितेच्या तासाला मी काय केलं. तुम्हाला सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

साठचं दशक संपत आलं होतं. घाटकोपरच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते, टेंपररी. कायम करतील की घरी पाठवतील, ते इन्स्पेक्शनवर अवलंबून होतं. घरी धाकटी भावंडं शिकत होती — पण ते राहू दे. ते सांगितलं की सबब होते.

आठवीच्या पुस्तकात एका लहान गावाची कविता होती. उतरतं ऊन, उठलेला बाजार, ओट्याओट्यावर बसलेल्या बायका. मी ती गोड करून शिकवायचे. गावात माणसं कशी एकमेकांना धरून असतात, मुंबईत शेजारी कोण तेसुद्धा ठाऊक नसतं, वगैरे. मुलींना आवडायचं. अर्ध्याअधिक जणींनी गाव पाहिलं होतं ते फक्त मे महिन्याच्या सुट्टीत.

आणि मी? मी तसल्याच गावातली. शाळेत मात्र दादरची म्हणून सांगितलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं मोडलेलं लग्न तिथल्या ओट्यांनी वर्षानुवर्षं चघळलं होतं. कवितेतल्या त्या बायका मला चांगल्याच माहीत होत्या. मग गोड का करत होते मी? सोपं होतं म्हणून.

सुलभा त्याच वर्षी शाळेत आली होती. तिची आई नवऱ्याला सोडून, तिला घेऊन, गावाहून मामाच्या खोलीत राहायला आली होती. वर्गात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला तिनं सांगितलं — तास संपल्यावर, माझ्या टेबलाचा कोपरा नखानं खरवडत.

“बाई, त्या बायका गप्पा मारायला नाही बसत. कोण कुठून आलं, ते बघायला बसतात. माझी आई पाण्याला निघाली की सगळ्या गप्प व्हायच्या.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. “बरोबर आहे तुझं. अगदी बरोबर. कुणी विचारलं तर असंच सांग,” मी म्हणाले. हो, हे मीच म्हणाले होते.

इन्स्पेक्शनची आमच्याकडे एक युक्ती होती. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचे. येतं त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा. साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसायचा आणि आम्ही उजव्या हातांतल्या कुणाला तरी उठवायचो. आदल्या दिवशी मी त्याची तालीमसुद्धा घेतली होती.

साहेब आले, हेडसरांच्या शेजारी बसले. मी तीच कविता काढली होती. मध्येच साहेबांनी स्वतःच विचारलं, या बायका ओट्यावर का बसल्यात? सगळे हात वर गेले. सुलभाचा उजवा, अगदी ताठ. मी दुसऱ्या मुलीचं नाव घेणारच होते, तेवढ्यात साहेबांनी सुलभाकडे बोट केलं.

ती उठली. माझ्याकडे बघून हसली. आणि तिनं तेच सांगितलं — आईचं नाही, फक्त कवितेतल्या बायकांचं — स्वच्छ, मोठ्या आवाजात.

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, हे तुम्ही शिकवलंत?”

एक ‘हो’ पुरला असता. हेडसर माझ्याकडे बघत होते.

“नाही साहेब,” मी म्हणाले. “मी असं कशाला शिकवीन? हिची आई नवऱ्याला सोडून आलीय. घरी जे ऐकते तेच बोलते.”

पहिल्या दोन शब्दांवर थांबता आलं असतं ना? पुढचं कुणी विचारलंही नव्हतं. ते मी आपण होऊन सांगितलं, भर वर्गात, तिच्यादेखत.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. सुलभा उभीच राहिली. बाईंनी ‘बस’ म्हटल्याशिवाय बसायचं नाही, हे मीच शिकवलं होतं. तास संपेपर्यंत ती उभी होती. मी ‘बस’ म्हटलं नाही.

मी कायम झाले. ती कविता पुस्तकात होती तोवर दरवर्षी शिकवली, तशीच गोड करून. मधल्या सुट्टीत सुलभा डबा घेऊन आली की मुली गप्प व्हायच्या. मला दिसायचं ते. मी कुणाला काही बोलले नाही.

त्यानंतर वर्ष संपेपर्यंत, मी वर्गात काहीही विचारलं, अगदी तिला हमखास येणारं, तरी ती हात वर करायची. डावा. माझ्याकडे सरळ बघत.

मी दुसरीला उठवायचे.