एक सरळ, एक वाकवलेलं

लेहच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये माझं पोस्टिंग होतं. नर्सिंग ऑफिसर, हुद्दा कॅप्टन. गंभीर पेशंट विमानाने चंदीगडला पोचवायचं काम वरचेवर यायचं. हवाई अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, प्रवास एक तास. सकाळीच निघायचं, दुपारी लेहला वारा उठतो. सहलीला निघालेले शेजारी आजही मला हा वेळ विचारतात. मी एक तास सांगते आणि कामाला लागते.

त्या सकाळी स्ट्रेचरवर लान्स नायक समाधान सोनवणे होता. गाडी घसरून छातीला मार. आत रक्त साचत होतं, ऑपरेशन लेहला शक्य नव्हतं, चंदीगडलाच व्हायचं होतं. तोही माझ्यासारखाच सुरतचा, डिंडोलीचा. दोघांचेही वडील खानदेशातून आलेले, कापडाच्या लूमवर कामाला.

विमानात इंजिनांचा आवाज, त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्याने मनगटावर बोट आपटलं. म्हणजे, पाळी सुटायला किती वेळ? लूम चालू असताना माणसं अशीच हातांनी बोलतात. सरळ बोट म्हणजे एक तास, वाकवलेलं म्हणजे अर्धा. मी सरळ बोट दाखवलं. निम्म्या वाटेवर त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा वाकवलेलं.

तेवढ्यात क्रूमधल्या एकाने माझ्या हातात हेडसेट दिला. पायलट बोलत होता.

"चंदीगड क्लोज्ड. धुळीचं वादळ. अंबाल्याचा तळही बंद. दिल्लीला डायव्हर्ट."

"किती वेळ?"

"इथून एक तास."

"पेशंटकडे तेवढा वेळ नाही."

"कळतंय, मॅडम. जवळ उतरायला जागा नाही."

सोबतच्या डॉक्टर मेजरनी रक्ताची दुसरी पिशवी लावली. समाधानने परत मनगटावर बोट आपटलं. मी वाकवलेलं बोट सरळ केलं.

त्याने भुवया उंचावल्या. मग अंगठा खांद्यामागे दाखवला. बदलीवाला आला नाही? पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की लूम सोडून जाता येत नाही. मी नाही अशी मान हलवली. मास्कखाली तो हसला असावा. हात हवेत गोल फिरवला. चालू ठेव.

दिल्लीला उतरायच्या आधी तो गेला.

सुट्टीत मी त्याच्या घरी गेले. त्याच्या वडिलांना सगळे नाना म्हणतात. लूमच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत, त्यामुळे बोलतात मोठ्याने.

"फोनमा लेह ते चंदीगड एक तास दखाडस. तुमले कितला लागना?"

मी एक बोट सरळ धरलं, दुसरं वाकवलं. मग समाधानने केल्या त्याच दोन खुणा केल्या. अंगठा खांद्यामागे, हात गोल.

नाना माझ्या हाताकडे बघत राहिले.

"बदलीवाला नही उना," ते म्हणाले. या वेळी हळू.

आता मी निवृत्त आहे, डिंडोलीतच राहते. नाना रस्त्यात भेटले की मनगटावर बोट आपटतात. मी हात गोल फिरवते. समाधानबद्दल आमचं बोलणं एवढंच.