मागच्या रांगांसाठी

गादीवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. अर्ध्यात कापूस, उरलेल्या अर्ध्यात पिंजायचं यंत्र आणि तो. भुवयांवर, कानांत, बाहीवर कायम कापूस. "नवरा आहे की उशी, कळत नाही," बायको म्हणायची. उभं आयुष्य त्यानं लोकांच्या झोपेची सोय केली, पण अलीकडे त्याच्याच डोळ्याला डोळा लागत नव्हता. कारण धाकटा भाऊ.

धाकटा बसचा ड्रायव्हर. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिला. आवाज असा की बसला हॉर्नची गरज नाही, असं डेपोतले लोक म्हणत. त्या आवाजामुळेच ईदगाहात त्याला मान होता.

ईदगाह गावाबाहेर, काही शतकांपूर्वीचा. छप्पर नाही, खांब नाहीत. मोकळं मैदान आणि पुढे लांबलचक दगडी भिंत, मधोमध कमानीचा कोनाडा. त्या भिंतीकडे तोंड करून दोन्ही ईदला सारं गाव नमाजाला उभं राहायचं. इमामांचा आवाज मागे पोचत नसे. म्हणून धाकटा मधल्या रांगेत थांबायचा आणि त्यांचं 'अल्लाहू अकबर' मागच्या रांगांसाठी पुन्हा म्हणायचा. त्याच्या आवाजावर शेकडो माणसं वाकायची. पुढे लाउडस्पीकर आला, तरी म्हातारे म्हणत, "तू म्हण रे, त्या भोंग्याचं काही कळत नाही."

मग धाकटा विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, आणि एक दिवस बसचा रोजचाच रस्ता. नोकरी सुटली. "औषधानं वेग कमी होईल, थांबणार मात्र नाही," डॉक्टरांनी सांगितलं.

एका दुपारी तो घरातून नाहीसा झाला. शोधत शोधत गादीवाला ईदगाहात पोचला. रिकाम्या मैदानाच्या मधोमध धाकटा कानांपर्यंत हात नेऊन खणखणीत आवाजात पुकारत होता, आणि दर वेळी मागे वळून बघत होता.

"भाई, कुणी वाकत का नाही?"

"आज ईद नाही रे."

"मग मला कशाला बोलावलं?"

गादीवाल्यानं त्याचा हात धरला आणि त्याला घरी आणलं.

त्यानंतर हे वारंवार घडू लागलं. तिथला चौकीदार भला माणूस. धाकट्याला सावलीत बसवून ठेवायचा, दुकानावर निरोप धाडायचा. पण भिंतीला तडा गेला, तेव्हा देखभाल करणाऱ्या कचेरीनं मैदानाला कुंपण घातलं, फाटक बसवलं. ते आता फक्त ईदला उघडणार होतं. धाकटा गज धरून उभा राहायचा आणि तिथूनच पुकारायचा. हळूहळू आवाज फाटायचा, डोळ्यांतून पाणी यायचं.

"जरा सोडा ना त्याला आत," गादीवाल्यानं चौकीदाराला विनवलं.

"चाचा, किल्ली साहेबांकडे असते. माझ्याकडे असती तर तुम्हाला बोलावं लागलं असतं का?"

तो साहेबांकडे गेला. त्यांनी बसवून घेतलं, चहा पाजला, सगळं ऐकलं. मग म्हणाले, "अहो, उद्या दगड त्याच्याच डोक्यात पडला तर?" गादीवाला उठला. साहेब चांगला निघाला, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. भांडायलाही कुणी सापडत नव्हतं.

मग त्यानं ईदवर आस लावली. "एकदा माणसं दिसली की शांत होईल बघ," तो बायकोला रोज सांगायचा.

ईदच्या सकाळी त्यानं भावाला अंघोळ घातली, नवे कपडे चढवले, मनगटाला अत्तर लावलं. फाटक उघडं होतं. भिंतीजवळचा भाग दोरी बांधून मोकळा ठेवला होता, बाकी मैदान माणसांनी फुललं होतं. जुन्या ओळखीच्यांनी सरकून धाकट्याला मधल्या रांगेत जागा दिली. तो टुकूटुकू चेहरे बघत होता. तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. धाकटा दचकला, कान झाकून मटकन खाली बसला.

"घरी चल. घरी चल."

"अरे, हीच ना तुझी रांग? बघ, सगळे आलेत."

"घरी चल!"

आजूबाजूला खांद्याला खांदा लागत होता, रांगा सरळ होत होत्या. गादीवाल्यानं एकवार भिंतीकडे पाहिलं, आणि भावाला काखेत हात घालून उठवलं. सारं गाव आत येत होतं, हे दोघेच बाहेर निघाले होते. "जाऊ द्या, जरा जाऊ द्या," म्हणत ते कसेबसे फाटकापर्यंत आले, तेव्हा मागे नमाज सुरू झाला. गादीवाला थबकला. पण नमाजासाठी हात बांधणार कसे? त्याचे दोन्ही हात धाकट्यानं घट्ट धरले होते.

"इतक्यात आलात?" बायकोनं दारातच विचारलं. गादीवाला पाणी आणायला आत गेला.

धाकटा खुर्चीत बसून भाभीला सांगू लागला, "फार गर्दी होती. त्यात भाई कुठे हरवला, कळलंच नाही. या माणसाला म्हटलं, त्याला शोध. तर यानं मलाच घरी आणून सोडलं. माणूस चांगला आहे, पण ऐकत नाही."

पेला घेऊन आलेला गादीवाला उंबऱ्यातच थांबला. बायकोनं त्याच्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"पाणी घ्या," तो पुढे होऊन भावाला म्हणाला. "येतील तुमचे भाई."

"कधी?"

गादीवाला त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.